रिकामी टोपली : वेळासच्या कासव महोत्सवातील एका संध्याकाळचे प्रकरण

मार्च महिन्यातला शनिवार, संध्याकाळचे सहा. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासच्या पुळणीवर शे-सव्वाशे माणसे एका दोरीमागे दाटीवाटीने उभी आहेत. त्यांतील बहुतेकांनी पुण्या-मुंबईहून दोनशेच्या आसपास किलोमीटरचा प्रवास केलेला आहे. लहान मुलांना पुढे बसवले आहे, कॅमेरे तयार आहेत. जाळीच्या कुंपणाआड कासवमित्र, म्हणजे कासवांची राखण करणारा गावकरी, वाळूत पुरलेल्या अंड्यांच्या एकेका घरट्यावरची टोपली उचलून पाहतो, पुन्हा पालथी ठेवतो आणि पुढच्या टोपलीकडे जातो. दहा मिनिटांत सगळ्या टोपल्या पाहून होतात. मग तो बाहेर येऊन सांगतो की आज एकही पिल्लू वर आलेले नाही, उद्या सकाळी सात वाजता पुन्हा पाहू.

ही कोणा एका तारखेची हकीकत नाही. प्रत्येक हंगामात असे दिवस येतात. तरीही प्रकरण म्हणून अभ्यासायला मी हीच संध्याकाळ निवडली आहे. वेळासवर जे लिहिले जाते, ते बहुधा पिल्ले दिसलेल्या दिवसाबद्दल असते आणि त्या दिवशी सगळेच खूश असल्यामुळे व्यवस्थेची परीक्षा होत नाही. ज्या दिवशी पर्यटकाने पैसे आणि सुट्टी खर्च केलेली असते, यजमानाला त्याचा हिरमोड समोर दिसत असतो आणि देण्यासारखे काहीच हातात नसते, त्या दिवशी गाव काय करते, हे पाहिले तर वन्यजीवांवर आधारलेल्या पर्यटनातला खरा पेच कळतो.

पूर्वपीठिका

वेळास हे सावित्री नदीच्या मुखाजवळचे, बाणकोट किल्ल्याच्या शेजारचे छोटे गाव. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यातले हरिहरेश्वर दिसते. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक होते, पर्यटकांना मात्र फारसे नव्हते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत असताना त्यांना येथे कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरलेली होती, काही माणसांनी नेलेली होती. येथे अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवाची जात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याचे संरक्षण आधीपासून होतेच. पण पहाटे तीन वाजता पुळणीवर कायदा उभा नसतो. अंडी विकून चार पैसे मिळवणाऱ्याला ती न विकण्याचे कारण कोणी दिलेले नव्हते.

संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच माणसांना हाताशी धरून पहिल्या हंगामात ५० घरटी राखली आणि त्यांतून २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. एका घरट्यात साधारण शंभराच्या आसपास अंडी धरली, तर हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक भरते. पहिल्याच वर्षी, पुरेशा अनुभवाशिवाय केलेल्या कामाच्या मानाने ते वाईट नव्हे. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. त्यामागचा विचार सरळ होता. कासव वाचवण्यात गावातल्या दहा-बारा माणसांनाच रस असेल तर ती थकल्यावर काम थांबेल. तेच कासव गावातल्या अनेक चुलींना हातभार लावू लागले, तर त्याची राखण करायला सांगावे लागणार नाही. हॉटेले न बांधता लोकांच्या राहत्या घरांतच पाहुण्यांची सोय करायची असे ठरले आणि पर्यटनाचा पैसा बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे न जाता ओसरीवर, माजघरात आणि स्वयंपाकघरात पोचला. सर्वांत परिणामकारक निर्णय मी यालाच म्हणेन, आणि त्याचा एक न ठरवलेला फायदाही झाला. राहण्याची ठिकाणे गावात, आतल्या बाजूला राहिल्यामुळे समुद्रासमोर दिव्यांची रांग उभी राहिली नाही. कासवांच्या दृष्टीने याचे मोल फार आहे, कारण मादी उजेड असलेल्या किनाऱ्यावर चढायला बिचकते आणि पिल्ले तर क्षितिजावरच्या सर्वांत उजळ बाजूकडे धावतात. निसर्गतः ती बाजू समुद्राची असते. हॉटेलच्या आवारात प्रखर दिवे लागले की ती हॉटेलची होते.

टोपलीखाली काय चालते

रिकाम्या टोपलीचा अर्थ लागण्यासाठी त्याआधीचे दीड-दोन महिने समजून घ्यावे लागतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या, वल्ह्यांसारख्या पायांनी हात-दीड हात खोल, सुरईसारखा तळाशी रुंद होत जाणारा खड्डा करते, त्यात टेबल टेनिसच्या चेंडूएवढी अंडी घालते, वाळू लोटून वर अंग आपटून ती दाबते आणि परत जाते. त्यानंतर ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. सकाळी उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला तिचा माग. कासवमित्र पहाटे किनारा पायी तुडवतो तो हा माग पुसला जाण्याआधी गाठण्यासाठी. मागाच्या टोकाशी काठीने हलके टोचत वाळू कुठे भुसभुशीत लागते ते तो पाहतो. तेथे हाताने उकरत गेले की अंडी लागतात.

येथून पुढे घाई आणि हळुवारपणा दोन्ही लागतात. अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे फिरले किंवा उलटले तर तो दगावतो. म्हणून अंडी वरची बाजू वरच ठेवून, धक्का न लावता, घरट्यातलीच थोडी ओली वाळू सोबत घेऊन हॅचरीत, म्हणजे जाळीच्या त्या कुंपणात आणली जातात. तिथे मूळ घरट्याच्या मापाचाच खड्डा केलेला असतो. तारीख आणि अंड्यांची संख्या नोंदवली जाते. पुढचे ४५ ते ६० दिवस काम वाळूच्या उबेचे. ही ऊब २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर आणि मादी साधारण सारखे निपजतात, त्याहून वाढली तर माद्या अधिक होतात आणि फारच वाढली तर गर्भ मरू लागतात. अंडी नेमकी कधी फुटतील हे त्यामुळे त्या वर्षीच्या उन्हावर, वाळूतल्या ओलाव्यावर आणि मादी मुळात कधी आली यावर ठरते. नोंदवहीतल्या तारखेवरून कासवमित्र अंदाज बांधू शकतो, पण तो चार-पाच दिवसांच्या फरकाचा. दोन दिवसांची सुट्टी काढून आलेल्या माणसाला तो पुरत नाही.

अंडी फुटली तरी पिल्ले लगेच दिसत नाहीत. ती वाळूखाली एकमेकांच्या हालचालीने ढकलली जात, सगळी मिळून हळूहळू वर सरकतात. याला दोन-तीन दिवसही लागतात. वरची वाळू तापलेली असेल तर ती खाली थबकतात आणि थंडावल्यावर बाहेर येतात. म्हणूनच पाहणीच्या वेळा सकाळ आणि संध्याकाळच्या ठेवल्या आहेत. संध्याकाळी सहाला टोपली रिकामी असली, तरी तिच्याखाली वीतभर अंतरावर शंभर पिल्ले थांबलेली असू शकतात. दोरीमागच्या माणसाला ते दिसत नाही, आणि कासवमित्रही हात घालून पाहत नाही.

तीन वाटा

त्या संध्याकाळी गावासमोर खरे तर तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे वाळू उकरून पिल्ले वर काढणे. दुसरी त्याहून सोपी आणि मोहाची: शुक्रवारी सकाळी वर आलेली पिल्ले ओल्या वाळूच्या टबमध्ये ठेवून द्यायची आणि शनिवारी गर्दी जमल्यावर सोडायची. कोणाला कळणारही नाही, आणि पिल्ले मेलेलीही दिसणार नाहीत. तिसरी वाट म्हणजे, आज काही नाही, असे सांगून मोकळे होणे.

दुसऱ्या वाटेतले नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते नीट सांगायला हवे. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. बाहेर आल्यापासून पहिला जवळजवळ एक दिवस ते झपाटल्यासारखे हातपाय मारते; या झपाट्यातच त्याने किनाऱ्याजवळचा, भक्षकांनी भरलेला पट्टा ओलांडून खोल समुद्र गाठायचा असतो. टबमध्ये ठेवलेले पिल्लूही तसेच हातपाय मारत राहते, फक्त ते कुठे पोचत नाही. दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात ते पाण्यात शिरते तेव्हा त्याच्या शिदोरीतला काही भाग वाया गेलेला असतो. हजारांत एखादेच पिल्लू प्रौढ होते असे सामान्यपणे सांगितले जाते. ज्याचे नशीब आधीच इतके तोकडे, त्याच्या वाट्याचा एक दिवस आपल्या फोटोसाठी काढून घेणे मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

वेळासच्या पद्धतीचा गाभा तिसऱ्या वाटेत आहे. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी टोपल्या पाहायच्या, असेल ते त्याच वेळी सोडायचे, नसेल तर नाही. सोडण्याचीही रीत आहे. पिल्ले थेट पाण्यात टाकत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. मादी वयात आल्यावर आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परतते, आणि ही ओळख पक्की होण्यात या पहिल्या चालीचा वाटा असावा असे मानले जाते. दोरीच्या आत कोणी यायचे नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. एखादे पिल्लू वाट चुकून दोरीकडे वळले की माणसे जागच्या जागी खिळतात, कारण मागे सरताना कोणाचा पाय कुठे पडेल याचा भरवसा नसतो.

उरलेल्या वेळाचे काय? पाहुण्यांना कासवांवरचे माहितीपट दाखवले जातात, कासवमित्र प्रश्नांना उत्तरे देतात, कोणी बाणकोटचा किल्ला पाहून येते. मला मात्र यातले सर्वांत महत्त्वाचे काम पर्यटक घरून निघण्याआधी, फोनवर होताना दिसते. खोली ठरवणारा हमखास विचारतो, ‘‘पिल्लं नक्की दिसतील ना हो?’’ आणि घरची बाई स्वयंपाक करता करता सांगते, ‘‘कासवाचं काही सांगता यायचं नाही बघा. या तुम्ही, दिसली तर दिसली.’’ धंद्याच्या हिशेबाने हे वाक्य आतबट्ट्याचे आहे. शनिवारची टबातली पिल्ले वाचतात ती मात्र याच वाक्यामुळे. ‘हमखास दर्शन’ असे ज्याने एकदा जाहिरातीत छापले, त्याला पुढे दर्शन घडवावेच लागते, मग ते वाघाचे असो की डॉल्फिनचे. कोकणातल्याच काही ठिकाणी डॉल्फिन दिसताच पाच-सहा बोटी इंजिनांचा आवाज करत त्याला घेरतात, तेव्हा त्या नावाड्याला प्राण्यांशी वैर नसते. त्याने पैसे घेताना शब्द दिलेला असतो.

दोरीपलीकडचे

या प्रकरणाची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. पर्यटकाला कासवाच्या आयुष्यातले फक्त पहिले दहा-पंधरा मीटर दिसतात. त्यापुढचे धोके पुळणीवर नाहीत. जाळ्यात अडकलेल्या कासवाला हवा घ्यायला वर येता आले नाही तर ते बुडून मरते. जाळे कापून ते सोडवायचे तर नुकसान मच्छीमाराचे. राज्यात डिसेंबर २०१८ पासून अशा मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे, आणि मला ती महोत्सवाइतकीच महत्त्वाची वाटते, जरी तिचे फोटो कोणी काढत नसले तरी.

ही कासवे जातात कुठे, याबद्दल अलीकडेपर्यंत अंदाजच होते. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. त्यानंतर आंजर्ले आणि गुहागर येथेही माद्यांना ट्रान्समीटर लावले. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट दिशेने आलेल्या एका मादीने तर अभ्यासकांनाच चकित केले. ओडिशात २०२१ साली वल्ह्याला धातूचा बिल्ला लावलेली ती मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे अगदी वेगळी आहेत, ही समजूत त्यामुळे तपासून पाहावी लागणार आहे. वेळासला शनिवारी टोपली रिकामी निघाल्यावर कासवमित्र जेव्हा ही माहिती सांगतो, तेव्हा मागच्या रांगेतले लोक पुढे सरकून ऐकतात. पिल्ले दिसली असती तर ते तेवढ्यात गाडीकडे निघाले असते.

जिथे ताण पडतो

व्यवस्था निर्दोष नाही. महोत्सवाच्या तारखा जाहीर कराव्या लागतात आणि त्या आधीच्या वर्षांच्या अनुभवावर ठरतात. माद्या उशिरा आल्या तर पिल्ले एप्रिल-मेच्या उन्हात निघतात, जेव्हा वाळू तापून अंडी वाया जाण्याची शक्यता वाढलेली असते आणि पर्यटक परतलेले असतात. मुळात अंडी हलवणे हीसुद्धा तडजोड आहे. ज्या घरट्याला कुत्र्यांचा, चोरांचा किंवा उधाणाचा धोका नाही, ते जागेवरच राखणे केव्हाही चांगले. पण विखुरलेली घरटी राखायला माणसे जास्त लागतात, आणि शंभर पाहुण्यांना लांबलचक पुळणीवर कुठे उभे करायचे हा प्रश्नही असतोच. सगळी घरटी एका कुंपणात आणण्यामागे संरक्षणाची गरज किती आणि दाखवण्याची सोय किती, हे दरवर्षी प्रामाणिकपणे तपासायला हवे. माझ्या मते ते पुरेसे तपासले जात नाही.

दुसरा ताण गर्दीचा. कासवांचे विणीचे किनारे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात, म्हणजे सीआरझेड-१ अ मध्ये येतात, त्यामुळे बांधकामाला आळा बसतो. पण शनिवारी किती माणसांनी यावे हे त्या नियमाने ठरत नाही. घरांमध्ये मुक्कामाची सोय मर्यादित आहे, ही वेळासची नैसर्गिक मर्यादा होती. दुसरीकडे राहून केवळ सोडण्याच्या वेळी गाडीने येणाऱ्यांची संख्या वाढली की ती मर्यादा निरुपयोगी होते. गावाला पैसा मिळत नाही, कचरा आणि रेटारेटी मात्र मिळते. शेजारच्या किनाऱ्यांवर वाळूत गाड्या घालण्याची हौस हा तर वेगळाच उपद्रव. चाकांनी दबलेल्या वाळूत मादीला खणता येत नाही, आणि चाकोरीत पडलेले बोटभर पिल्लू तिच्यातून वर चढू शकत नाही. ते चाकोरीच्या रेषेत समांतर चालत राहते आणि शेवटी कावळ्याच्या तोंडी पडते.

तिसरा ताण २०२० ने दाखवून दिला. मार्चच्या शेवटी, ऐन हंगामात टाळेबंदी लागली, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आणि घरांची छपरे उद्ध्वस्त केली. कासव राखले तर पाहुणे येतात, या हिशेबातला पाहुणा एका रात्रीत नाहीसा झाला. किनाऱ्यावरचे काम केवळ पर्यटनाच्या पैशावर उभे असते, तर ते तेथेच थांबले असते. कासवमित्रांना वनविभागामार्फत मानधन मिळते, ते थोडे असले तरी पाहुण्यांच्या संख्येवर अवलंबून नाही, ही गोष्ट तेव्हा उपयोगी पडली. इतर गावे वेळासची नक्कल करताना महोत्सवाचा फलक आधी लावतात आणि पहाटेच्या गस्तीचे मानधन कोठून येणार याचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा.

जाणाऱ्याने काय करावे, हे या प्रकरणातून बऱ्यापैकी सरळ निघते. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावे, दोन रात्री राहावे म्हणजे चार पाहण्या मिळतात. मुक्काम गावातल्याच घरी करावा. शक्य असेल तर एसटीने मंडणगडपर्यंत यावे किंवा चार माणसांनी मिळून एकच गाडी आणावी. रात्री टॉर्च घेऊन मादी शोधायला किनाऱ्यावर हिंडू नये, कारण अंडी घालण्याआधी चाहूल लागली तर ती परत फिरते. आणि खोली ठरवताना पिल्ले दिसण्याची हमी मागू नये. हमी मागणारे दहा फोन आले की अकराव्या फोनवर कोणीतरी ती देऊन बसते.

त्या शनिवारी आलेल्यांपैकी काहीजण रविवारी सकाळी सातला पुन्हा दोरीमागे उभे राहतात. टोपल्या पुन्हा रिकाम्या निघतात. एका घरट्यावरची वाळू मात्र मध्यभागी बशीसारखी खचलेली असते. कासवमित्र ती बोटाने दाखवतो आणि सांगतो की ही खूण चांगली आहे, खाली हालचाल सुरू झाली आहे, आज संध्याकाळी किंवा उद्या. एक लहान मुलगा वडिलांना विचारतो की आपण उद्यापर्यंत थांबू या का. उद्या शाळा आहे. दुपारी गाड्या मंडणगडचा घाट चढू लागतात. सोमवारी पहाटे किनारा तुडवून आल्यावर कासवमित्र ती टोपली उचलतो तेव्हा खाली काळपट पिल्लांचा वळवळता ढीग असतो. तो ती मोजून, नोंदवहीत आकडा लिहून, पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतो आणि जवळ येऊ पाहणाऱ्या कुत्र्यावर नजर ठेवत शेवटचे पिल्लू लाटेत जाईपर्यंत तिथेच उभा राहतो.